बाबांच्या रक्ताचा निकाल

फ्लूची लस घेतल्यावर बाबांना ताप आला नाही, तेव्हा त्यांचा पहिला संशय नर्सबाईवर गेला. नुसतं पाणी टोचलं असेल, म्हणाले. मी हसलो, पण खात्री मलाही नव्हती. नागपूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करतो, तिथे लशीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली हेच तपासतात. त्यामुळे आकडा पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. साहेबांना विचारून बाबांचं रक्त नेलं, सोबत माझंही. लस मीही घेतली होती.

रक्तातला निव्वळ पातळ भाग घेऊन तो आणखी पातळ करत जायचा, त्यात विषाणू आणि तांबड्या पेशी घालायच्या. प्रतिपिंडं पुरेशी असली की पेशी तळाशी ठिपका धरून बसतात. किती पातळ करेपर्यंत ठिपका टिकला पाहिजे, याची एक खूण ठरलेली असते. माझे ठिपके त्या खुणेच्या पार पुढे गेले. बाबांचे खुणेच्या अलीकडेच थांबले.

बाबांची छाती राइस मिलच्या कोंड्याने आधीच खाल्लेली. मी सांगून टाकलं, यंदा दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते तिथे जायचं नाही, गर्दी असते. खूण गाठलेला माणूस आजारी पडतच नाही का, असं त्यांनी विचारलं. साधारण निम्मे लागणीपासून वाचतात, मी म्हणालो. तीही खूण बहुतेक तरण्या, धडधाकट माणसांवरून ठरलेली, आणि अंगात इतरत्र काय चालतं ते आमच्या काचेत दिसत नाही. हे ऐकल्यावर बाबा माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच त्या नर्सबाईला सामील आहे.

मंडईच्या दिवशी त्यांना ओसरीवर बसवून ठेवलं. पण आमच्याकडे मंडई म्हणजे घर पाहुण्यांनी भरणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आत्या, जावई, भाचरं, सगळे आधी आमच्याकडेच उतरले आणि एकेक जण बाबांच्या पाया पडला. कोण खोकतोय ते मी चोरासारखा टिपत होतो.

"मले जाऊ नाही देलं, त अख्खी मंडई घरी आली," बाबा खुशीत म्हणाले.

दोन-तीन दिवसांनी ताप चढला तो मला. तपासणीत फ्लूच निघाला. बाबा पेजेची वाटी घेऊन आले. लांब राहा म्हटलं तरी ऐकेनात, जवळ बसून कपाळाला हात लावला.

"तुहं रगत त पास झालं होतं ना?"

मी त्यांच्या छातीत घरघर वाढते आहे का, तेवढंच जीव मुठीत धरून ऐकत राहिलो.