दारात उभी असलेली माणसं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "बाई, तुझा दादा मैदानात पडला," एवढंच ती बोलली. कुठलं मैदान, हे विचारायची गरज नव्हती. जिथे आमची वस्ती होती, तिथेच दादाने जीव सोडला. कॅमेरा गळ्यात होता...

पावर हाउस स्टेशनच्या मागे, रुळांच्या पलीकडे आमचं घर. भंडाऱ्याकडून पोलादाच्या प्लांटात कामाला आलेल्या बाबांनी बांधलेलं. तिथली सगळीच घरं तशी, मुलाचं लग्न ठरलं की वर एक खोली चढायची आणि जिना बाहेरून निघायचा. दादा लग्नाचे, पासपोर्टचे फोटो काढायचा. मागच्या वर्षी भिंतींवर लाल रंगाने आकडे पडले, जागा सोडा म्हणून नोटिसा आल्या आणि तो घरांचे फोटो काढू लागला. प्रत्येक घर समोरून, घरातली माणसं दारात उभी करून.

"एवढे फोटो कावून काढून राहिला, दादा?" मी विचारलं.

"साहेब म्हणते कागद नाही तुमच्यापाशी. कागद नसन, घर तं दिसन ना त्याले."

सुनावणीला मी त्याच्यासोबत गेले होते. साहेबाने गठ्ठ्यातला वरचा फोटो उचलला, थोडा लांब धरला. "फोटो अच्छी खींची है," म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दादा तिथेच उभा राहिला. कदाचित साहेब बाकीचेही बघेल, असं त्याला वाटत असावं. शेवटी मीच त्याचा हात धरून त्याला बाहेर आणलं.

घरं पाडायची मशीन आली त्या दिवशी तो सकाळपासून फोटो काढत होता. आमच्या घराची पाळी आली तेव्हा त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तसाच खाली घेतला. बाबांनी बांधलेला जिना आधी पडला.

मग अहिवाऱ्याच्या रस्त्याला, गावाबाहेर, दादा-वहिनीला बदल्यात चौथ्या मजल्यावरची एक खोली मिळाली. वस्तीतले लोक तिथे येऊन आपापल्या घराचा फोटो मागत, दादा हौसेने छापून देई. वस्तीत आमच्या शेजारी राहणाऱ्या कौसल्याबाईंनी मात्र फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत केला. "याले काय करू, बाबा? घर मागतलं होतं आमी."

त्यानंतर त्याने कोणालाच फोटो दिला नाही. रोज बस धरून त्या रिकाम्या मैदानात जायचा. वहिनी अडवायची, रडायची. "आलोच," म्हणायचा. काय पाहायचा तिथे, कोण जाणे... माती सारखी केलेली, भोवती पत्रे ठोकलेले.

आता महिना उलटून गेला. परवा वहिनीकडे राहिले. तिच्या खोलीला एकच खिडकी, समोर दुसऱ्या इमारतीची पाठ. दुपारी आम्ही दोघी बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "या घराचा एकबी फोटो नाही काढला त्याईनं."

मी मोबाइल काढला. म्हटलं, "वहिनी, दारात उभी राह. फोटो काढू दे मले."

ती उठली, पदर सारखा केला, दारापर्यंत गेली. चौकटीवर हात ठेवून जरा वेळ थांबली. मग परत येऊन माझ्याजवळ बसली.

"राहू दे, बाई," ती म्हणाली. "कोणाले दाखवाचा हाय?"