आधी कलेक्टर, मग मंत्री

ते प्रकरण आजही काल घडल्यासारखं समोर येतं बघा. नव्वदचं दशक सरत आलं होतं, मी कुंभकोणमच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. गावात नुकतंच इंटरनेटचं दुकान निघालेलं. तळं बुजवून दुकानं बांधायचं ठरलं, तर चेन्नईपासून अमेरिकेपर्यंतच्या गावकऱ्यांनी कलेक्टर कचेरीवर ईमेलचा भडिमार केला. वरून तोंडी हुकूम आला, हे बंद पाडा. कोणत्या कायद्याने, ते कोणी सांगेना. संगणकाचा कायदा तेव्हा नव्हताच!

मग खबऱ्याने एका मेलची छापील प्रत आणली. अक्षरं इंग्रजी, भाषा कुणालाच कळेना. आमचा हेड कॉन्स्टेबल मात्र इन्स्पेक्टरसाहेबांकडे बघून ओरडला, "सार, हे बघा! 'अडि कलेक्टर' लिहिलंय!"

तमिळमध्ये अडि म्हणजे हाण. झालं, मारहाणीच्या चिथावणीचं कलम मिळालं.

मेल पाठवणारी पापनाशमची एक मुलगी. सरकारी शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक व्हायची होती. गुन्हा दाखल झाला की पोलीस पडताळणीत ती नोकरी गेलीच म्हणायची. चौकशीत तिचं एकच, कुणाला मारायला सांगितलं नाही.

"मग काय कलेक्टरला ओवाळायला सांगितलंस?" हेड कॉन्स्टेबल म्हणाला.

रडतारडता ती स्वतःशीच पुटपुटली, "मारा म्हणून मी कोठें लिहिलें, देवा?"

मी चमकलेच. ही तर आमच्या घरातली तंजावरी मराठी! बाहेर आम्ही सगळे तमिळच बोलतो, कळणार कसं? इंग्रजी अक्षरांत ती नजरेला ओळखूच आली नव्हती. कागद ओढून मोठ्याने वाचला, "आधी कलेक्टर, मग मंत्री." अर्ज कुणाला आधी पाठवायचे, एवढंच होतं ते. 'ध'चा एच तिने गाळला होता. आमच्या तोंडात तरी तो कुठे असतो!

इन्स्पेक्टरसाहेब हसले. "अम्मा, इतकी वर्षं मराठी लपवलीत? तुमच्यावरच कलम लावतो!"

तेवढ्यात वरून पुन्हा फोन. साहेब उभे राहून वरिष्ठांना अदबीने 'अय्या' म्हणत बोलले, "अय्या, यात नुसता अर्ज आहे. अर्ज करण्याविरुद्ध कलम नाही." बदलीची टांगती तलवार असताना ते असं बोलले, त्यांचे उपकार मी विसरले नाही. मुलगी पुढे शिक्षिका झाली.

एखाद्याचं बोलणं बंद पाडण्याआधी ते समजून घ्यावं, हे मी तिथे शिकले. लहानपणी आई घरात तमिळ बोलू देत नसे, त्याचा फार राग यायचा. त्या संध्याकाळी उंबरठ्यातच तिच्या पाया पडले.

"काय झालें ग?"

म्हटलं, "आधीं नमस्कार, मग सांगतें."