टायर सोमवारचे, हौस रविवारची

पंक्चर काढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ गिऱ्हाईकाला काहीच काम नसतं. उभं राहायचं आणि माझ्या हाताकडे बघायचं. आता आपल्याकडच्या माणसाला पंधरा मिनिटं गप्प राहणं जमत नाही आणि मला बोलणं जमत नाही. त्यामुळे तो बोलतो, मी ऐकतो. आमचं दुकान नालवाडीला, मामाचं. नववीत शाळा सोडली तेव्हापासून मी इथंच टायर बसवतो. इतक्या वर्षांत डोक्यात इतके किस्से साचलेत, की ते लिहून काढावेत म्हणून शेवटी वही आणली. बोलायला लाजतो, लिहायला काय जातं!

हे सगळे किस्से आमच्या रविवारच्या मंडळींचे आहेत. जिल्ह्यातले आठ-दहा हौशी लोक. महिन्यातून एका रविवारी सिंदी रेल्वे या गावी कापसाच्या एका बंद जिनिंगच्या मोठ्या आवारात जमतात. मालकाची परवानगी काढलेली असते. आवारात प्लास्टिकचे शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून वळसे घेत गाडी पळवायची. एका वेळी एकच गाडी. हेल्मेट, बेल्ट सक्तीचा. शर्यत घड्याळाशी. शंकू पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. गाडी मात्र रोजचीच! सोमवारी तीच गाडी कामाला जुंपायची.

म्हणून सगळ्यांचा एकच प्रश्न. टायर कोणते घ्यायचे?

*

या मंडळींतले पहिले माझ्याकडे आले ते किशोरभाऊ. नाचणगावचे, भाजी पिकवणारे. जुनी छोटी गाडी, मागची सीट काढलेली, आत कायम कोथिंबिरीचा वास.

आल्या आल्या त्यांनी रांगेतल्या प्रत्येक टायरला अंगठ्याचं नख टोचायला सुरुवात केली. टोचायचं, मान हलवायची, पुढं जायचं.

मामा बघत राहिला. शेवटी म्हणाला, "भाऊ, तो टायर हाय. दुधी भोपळा नाई!"

किशोरभाऊ एका टायरपाशी थांबले. दोनदा नख टोचलं. "हा निबर हाय," म्हणाले.

"अहो, नवा हाय! कागद तं काढा आंधी!"

मी खाली वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी तयार झाला ते त्यावरून कळतं. तो टायर पाच वर्षं आमच्या माळ्यावर पडून होता. नवा दिसत होता, पण रबर वाळलेलं!

मी आकडे मामाला बोटानं दाखवले. मामानं ते पाहिले, मग भाऊंच्या नखाकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "निलेश, भाऊले चहा सांग. आलं टाकून सांग!"

*

दुसऱ्या दिवशी भाऊ वहिनींना घेऊन आले. सुनंदावहिनी. पहाटे भाजी तोडणं, जुड्या बांधणं आणि बाजारात बसणं हे सगळं त्यांच्याकडे. भाऊंकडे फक्त गाडी.

वहिनींनी आमच्या स्टुलावर बसून सरळ अट सांगितली. "गाडी एक हाय. सोमवारी सकाळी सहाले ती भाजी घेऊन निघालीच पाह्यजे. टायर फाटला, फुटला, मले काई सांगायचं नाई. एक सोमवार चुकला, का यांचा रविवार कायमचा बंद!"

भाऊ आमच्या दुकानाच्या छताकडे बघत होते.

तेवढ्यात तिथं असलेले, मंडळींतलेच लोखंडे सर मधे पडले. सर गणिताची शिकवणी घेतात आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर शर्यतीचे व्हिडिओ बघतात. ते म्हणाले, "भाऊ, शर्यतीचे मऊ टायर घ्या. एकदम चिकटून चालते गाडी!"

वहिनींनी मामाला विचारलं, "ते रोज भाजी वाहतीन का?"

मामानं माझ्याकडे बोट केलं. "त्याले इचारा. टायरचं त्याले समजते."

माझे कान गरम झाले. पण प्रश्न टायरचा होता. मी पान्याकडे बघत म्हणालो, "मऊ टायर रोजच्या रस्त्यावर लवकर झिजतो. त्याले खाचा कमी, पावसात घसरतो. भाऊची शर्यत महिन्यातून चार मिनिटं. भाजी रोज. टायर भाजीचा घ्या. फक्त त्यातला चांगला घ्या. कड कडक असलेला, ताज्या तारखेचा, गाडीच्या मापाचा. अन पाचही सारखे, स्टेपनीसकट."

"पुढचे दोनच घेतले तं?" भाऊंनी हळूच विचारलं.

"मंग मागची बाजू वळणावर घसरून तुमच्या आंधी घरी पोचन!"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मामाला म्हणाल्या, "भाऊ, हा बोलते?"

पाच टायर बसले. जाताना वहिनी मला म्हणाल्या, "तू सांगतलं म्हणून घेतले. ध्यानात ठेवजो."

त्या रात्री जेवण गेलं नाही! तोपर्यंत माझ्या शब्दावर कोणी साधा ट्यूबचा व्हॉल्व्हसुद्धा घेतला नव्हता.

*

लोखंडे सरांनी मात्र कोणाचंच ऐकलं नाही. मापापेक्षा दोन नंबर रुंद टायर बाहेरून मागवले. मी म्हणालो, "सर, घासतीन."

सर म्हणाले, "निलेश, रुंदी वाढली का पकड वाढते. हिशोब हाय."

बसवले. गाडी दिसायला झकास! सर ऐटीत निघाले आणि पहिल्याच उजव्या वळणाला चाक आतून घासायला लागलं. खर्रर्र! सगळा रस्ता वळून बघायला लागला.

डावीकडे वळताना मात्र काहीच नाही. कारण एका बाजूच्या चाकावरचं आतलं प्लास्टिक जुन्या ठोकरीनं आत दबलं होतं.

अर्ध्या तासानं सर परत आले. समोरून यायला हवे होते, आले दुकानाच्या मागच्या गल्लीतून.

मामानं विचारलं, "सर, मांगून कसे काय?"

सर शांतपणे गाडीतून उतरले. "उजवीकडं वळताच येत नाई ना बावा. पण तीन डावे म्हणजे एक उजवा. भूमिती हाय!"

*

मंडळींनी मला पहिल्यांदा सिंदीला नेलं ते टायरची हवा बघायला. मी पंप आणि मीटर घेतलं. वळताना टायर किती मुडपतो ते बघायचं असेल तर सोपी युक्ती आहे. टायरच्या कडेवर खडूनं रेघ मारायची. गाडी फिरून आली की रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. जास्त पुसली तर हवा कमी आहे, थोडी वाढवायची. नववीनंतर खडू हातात धरायची माझी तेवढीच एक वेळ!

आणि नेमका खडूच विसरलो.

"सर, तुमच्याकडं असन ना?" भाऊंनी विचारलं.

"आता व्हाइटबोर्ड हाय," सर म्हणाले.

भाऊंनी खिशात हात घातला आणि तंबाखूच्या चुन्याची ट्यूब काढली. बोटानं टायरवर एक झकास पांढरा पट्टा ओढला. पळवून आणली गाडी. पट्टा पार खालपर्यंत पुसलेला! मी दोन पॉइंट हवा वाढवली आणि पुढच्या फेरीत भाऊंची वेळ दीड सेकंदानं कमी झाली.

झालं! सगळे ड्रायव्हर चुना मागायला लागले. "भाऊ, एक बोट!" "मले मांगच्या टायरले पण पाह्यजे!" दुपारपर्यंत आवारातल्या सगळ्या ट्यूब रिकाम्या.

जेवणानंतर घड्याळ लावणारे काका तळहातावर कोरडी तंबाखू घेऊन सगळीकडे फिरत होते. कोणाकडेच थेंबभर चुना नव्हता. शेवटी माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "गाड्याईचा दाब बरोबर केला बावा तू. आता माह्या दाबाचं काय?"

*

एका रविवारी भाऊ भन्नाट चालले होते. दहा शंकू पार, एकही पडला नाही. आणि सरळ पट्ट्याच्या मधोमध त्यांनी अचानक गाडी थांबवली. इंजिन बंद. चारही दिवे लुकलुकायला लागले.

सगळे धावले. मी सगळ्यात पुढं. मला वाटलं, टायर गेला. माझ्या शब्दावर घेतलेला टायर!

काच खाली आली. आतून हेल्मेट घातलेल्या भाऊंनी हात बाहेर काढला. हातात एक काटेरी वांगं!

"सीटखालून गडगडत आलं अन ब्रेकच्या पायाखाली बसू पाह्यत होतं," भाऊ म्हणाले. "मी म्हटलं, आंधी त्याले जाऊ द्या."

बरं झालं थांबले. पण घड्याळवाले काका नियमाचे पक्के. फेरी पूर्ण झाली नाही तर तक्त्यात कारण लिहावं लागतं. कोणाच्या नावापुढं 'क्लच', कोणाच्या पुढं 'इंजिन तापले'. भाऊंच्या नावापुढं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वांगे'.

तो तक्ता मंडळींच्या मोबाइलच्या गटावर फिरला. संध्याकाळी वहिनींचा मला फोन. "निलेश, खरं सांग. टायर बरोबर हाय ना?"

"हो वहिनी, पाचही बरोबर."

"मंग ठीक हाय. वांगे तं घरचेच हाय!"

*

आता गेल्या महिन्यातली गोष्ट.

त्या दिवशी वहिनी पहिल्यांदाच सिंदीला आल्या. "रविवारी हे करते तरी काय, पाहून घेतो," म्हणाल्या. भाऊंनी गाडीतलं सगळं सामान, अगदी जॅक आणि स्टेपनीसुद्धा, कडुनिंबाखाली काढून ठेवलं. वजन जितकं कमी तितकं बरं. वहिनी तिथंच सावलीत बसल्या. डबा, पाण्याची कॅन, समोर धूळ.

आणि भाऊ त्या दिवशी असे चालले की विचारू नका! वर्षभरात पहिल्या पाचातही नाव नव्हतं. त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या आणि भाऊ तिसरे. दुसऱ्याच्या मागं जेमतेम अर्धा सेकंद. एक फेरी बाकी! लोखंडे सर तर नाचायचेच बाकी होते.

प्रत्येक फेरीनंतर मी टायर बघतो. पुढचा डावा. कडेवर हात फिरवला आणि हात थांबला.

फुगा. लिंबाएवढा. सकाळी आवारात शिरताना नालीवरच्या फरशीची धार लागली असावी. आतला दोरा तुटला की कडेला असा फुगा येतो. तो केव्हा फुटेल, सांगता येत नाही. आठवडाभर चालेल, नाहीतर पुढच्याच वळणाला जाईल.

भाऊ हेल्मेट घालून आत बसलेले. बेल्ट लावलेला. काकांनी झेंडा हातात घेतला. फुगा फक्त मलाच दिसला होता. एका मिनिटाची फेरी. गप्प राहिलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं. आणि गप्प राहण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही!

मी खिडकीवर हात ठेवला. "भाऊ, उतरा."

"काऊन?"

"टायरले फुगा आला."

"एकच मिनिट हाय रे. हळू घेतो."

"उतरा म्हटलं ना!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी सोबत आलेल्या मामानं झटकन मान वळवली. काकांनी झेंडा खाली केला.

भाऊ उतरले. वाकून फुगा पाहिला. मग हेल्मेट काढलं. चिडले नाहीत. म्हणाले, "बरं केलं सांगतलं."

सर पुढं सरसावले. "अहो, मंग स्टेपनी लावा ना! सारखाच टायर हाय, पाच मिनिटाचं काम! जागा थांबवून ठेवतो मी!"

भाऊंनी मान हलवली. "नाई सर. ती सोमवारची हाय. ती लावून इथं कटली, तं उद्या सकाळी सहाले काय लावू? घरी जाऊ आता." आणि काकांकडे वळून म्हणाले, "काका, माहं नाव काढा."

काकांनी पेन काढला. मी जॅक आणायला म्हणून कडुनिंबाकडे वळलो.

समोरून वहिनी येत होत्या. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांनी स्टेपनी गडगडवत, सरळ आवाराच्या मधून, शंकूंच्या मधून. एकही शंकू न पाडता! माझ्यापाशी आल्या आणि स्टेपनी माझ्या पायाशी आडवी टाकली.

"उभा काऊन राह्यला? लाव."

भाऊ म्हणाले, "अवं, अन सोमवार?"

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात झटकले आणि मला म्हणाल्या,

"हवा तेवढी पाह्यजो रे. सकाळपासून मीच बसून हाओ तिच्यावर!"