पाचुंद्यातले करकोचे

मी तापट आहे, हे आमच्या शाळेत नव्यानं आलेल्या शिपायालाही दुसऱ्या दिवशी कळतं. पण पूर्णेच्या काठावर दुर्बीण डोळ्याला लावली की माझा आवाज आपोआप खाली येतो. जिंतूरकडच्या आमच्या टप्प्यातले पाणपक्षी मी दर हिवाळ्यात मोजते. हळदी-कुंकू बदकं, शेकाटे, पाणकावळे हे इथलेच. चक्रवाक आणि करकोचे पाहुणे. करकोचे हिमालय ओलांडून येतात आणि आमच्या हरभऱ्यात चरतात, हे वर्गात कितीदा शिकवलं असेल, तरी त्यांचा पहिला आवाज आला की अंगावर काटा येतोच.

समोरच्या काठाची मोजणी पूर्वी माझे एक सहकारी करायचे. करकोचे तेव्हा पाचशेच्या घरात असायचे. सरांची बदली झाली, तशी मी त्या काठावर शेत असलेल्या दादांना गळ घातली. नदीच्या वळणामुळं तिकडचा वाळूचा पट्टा माझ्या बाजूनं दिसत नाही, आणि पुलावरून जायचं तर भला मोठा वळसा. म्हणून दादा मोजायचे, फोनवर आकडा सांगायचे, मी लिहून घ्यायची. पहिल्या वर्षी नव्वद. दुसऱ्या वर्षी पंच्याण्णव.

मोजणीचं काम बघणाऱ्या शहरातल्या साहेबांनी यंदा स्पष्टच सांगितलं, "मॅडम, आमच्याकडं माणसं कमी आहेत. या वेळीही एवढेच निघाले तर तुमचा टप्पा यादीतून काढावा लागेल." माझी झोप उडाली. इथं पक्षी येतात याचा कागदच राहिला नाही, तर उद्या वाळूवाले तो पट्टा उकरायला आले की कशाच्या जोरावर भांडायचं?

मोजणीच्या सकाळी धुकं विरल्यावर दादांचा फोन आला.

"बाई, एकशे दहा."

"एवढेच?"

"एवढेच म्हंजी? लय हायत की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दादा, डुलकी लागली होती का तुम्हाला?"

ते म्हणाले, "तुमीच या की मग इकडं." आणि फोन ठेवला.

गेले. स्कूटीनं वळसा घालून, धुरळा खात, मनातल्या मनात दादांना चार शब्द सुनावत गेले. दादा बाभळीच्या आडोशाला उकिडवे बसले होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला खाली बसवलं.

मी बघितलं आणि सुनावायचं विसरूनच गेले. वाळूच्या पट्ट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत करकोचे उभे होते. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागं पांढरा तुरा. काही पाणी पीत होते, काही एका पायावर डुलत होते. अगं बाई, किती हे! देवा, हे सगळे बर्फाचे डोंगर ओलांडून या आमच्या वाळूवर पाणी प्यायला आले!

"दादा, हे एकशे दहा?"

"पुन्ना मोजायलो की तुमच्यासमोर."

त्यांनी हात पुढं केला. पाच पक्षी तळव्याआड झाकले, म्हणाले, "एक." हात सरकवला, पुढचे पाच झाकले. "दोन."

"अहो, पाच पक्षी आणि एकच?"

"पाचुंदा न्हाई का! कडबा काय पेंडी-पेंडी मोजायचा असतो व्हय? पाच पेंड्यांचा एक पाचुंदा."

"मागची दोन वर्षंही असंच मोजलंत?"

"मग? आमची एकच रीत हाय."

तेवढ्यात काय झालं कोण जाणे, सगळा थवा एकदम उठला. कर्र कर्र आवाजानं कान भरून गेले, वाळूवरून सावल्या पळाल्या. माळा करत ते आमच्या डोक्यावरून हरभऱ्याकडं गेले, आणि मी एवढी मोठी बाई, आ वासून रडत होते. दादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

तिथूनच साहेबांना फोन लावला. "पाचशे पन्नास. मागच्या दोन्ही वर्षांचे आकडे चुकलेत. चूक माझी आहे, लेखी देते." त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली. म्हणाले, "पाठवा. टप्पा राहील."

फोन ठेवला तर दादा माझ्याकडंच बघत होते.

"टप्पा राहील म्हंजी? काढणार हुते?"

हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या मोजण्यानं?"

"नाही दादा," मी म्हणाले. "दोन वर्षांत मी एकदाही या काठावर आले नाही, त्यानं."