शेवट सांगणारा हेमराज

हेमराज तीस वर्षं रिक्षाला भोंगा बांधून पवनीच्या टॉकीजची जाहिरात करत आला. त्याआधी तो झाडीपट्टीच्या नाटकांची करायचा. तिथं गोष्ट अख्खी सांगायची रीत. शेवटी कोण मरतं ते कळलं की बाया दुपारपासूनच नाटकाला बसायच्या चटया बांधून ठेवत.

या खेपेचा पिक्चर दहावीच्या चार पोरांचा होता. ती हसतखिदळत संस्थाचालकाची तिजोरी फोडतात. नागपूरच्या पेपरानं चार तारे देऊन लिहिलं, 'शेवट थक्क करतो.' एवढा भारी शेवट सांगितल्याशिवाय लोकांना कळणार कसा? हेमराज आसगावपर्यंत ओरडत गेला, "तिजोरी शेवटी शाळेची मॅडमच पळवते होऽऽ!"

पहिल्या खेळाला सात माणसं आली. तिघं मध्यंतरातच उठून गेली.

"माह्यामुळंच झालं, मालक. मी शेवट सांगून बसलो."

मालक चिडलासुद्धा नाही. "तू नसता सांगतला तरी कोन येनार होतं? नागपुरातही आठ दिवसांत उतरला."

त्यानं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. आपल्या ओरडण्यानं काही बिघडू शकतं, एवढं तरी हेमराजला वाटलं असतं.

महिन्याभरानं टॉकीजच्या खुर्च्या विकायला निघाल्या. भोंगा पुन्हा आसगावात आला, तशी एक म्हातारी दारात आली.

"कोनता पिक्चर लागला, हेमराज?"

"कोनताच नाही, बाई. खुर्च्या घेता का?"

"चटई हाये घरी," म्हणत तिनं दार लोटलं.