भाऊंचा सूर

आमच्या बँडच्या अल्बमची आजही कुणी तारीफ केली की मला किळस येते. आधी तारीफ करणाऱ्याची, मग माझी.

आम्ही चौघं लोणावळ्याचे. आयर्लंडकडच्या पंक संगीताचं खूळ आमच्या डोक्यात शिरलं होतं. धडाधड गिटार, आरडाओरडा आणि त्यावर बॅगपाइप. बॅगपाइपमध्ये चालीखाली एक सूर सतत वाजत असतो, तोच आम्हाला हवा होता. पण लोणावळ्यात बॅगपाइप आणायचा कुठून? मग मीच अक्कल पाजळली. आंदर मावळात सनई आहे की!

तिथले दोन सख्खे भाऊ लग्नांत वाजवायचे. थोरल्यांना सगळे आबा म्हणत, ते चाल वाजवत. धाकट्यांना सगळे भाऊ म्हणत. ते दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरत, चाळीस वर्षं तोच एक. गाल फुगवून वाजवता वाजवताच नाकाने श्वास घ्यायचा आणि सूर तुटू द्यायचा नाही. वरातीत नाचणाऱ्यांचं त्यांच्याकडे लक्षही नसे, पण ते थांबले की आबांची बोटं थांबत.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा भाऊंचे पुढचे दोन दात हलत होते. "हे पडलं का माजं वाजवनं संपलं," ते म्हणाले. "येवढी लग्नं वाजवली, पन कुनी टेपात भरून ठेवलं न्हाई. येकदा माजा सूर भरून घ्या. घरच्यास्नी ऐकवीन." मी शब्द दिला.

स्टुडिओ म्हणजे एका बंगल्याची माडी, भिंतींना फोम ठोकलेला. रेकॉर्डिंगवाल्याने दोघांना वेगवेगळ्या काचेआड बसवलं. आबा पहिल्याच ओळीला अडले. "धाकल्याचा सूर येत न्हाई मला," म्हणाले. मग हेडफोनमधून भाऊंचा सूर त्यांच्या कानात सोडला तेव्हा कुठे सनई लागली. पलीकडे भाऊ डोळे मिटून बसले होते, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. सूर दोनदा जरासा हलला, पण त्यांनी तो शेवटपर्यंत सोडला नाही.

ते दोघे घरी गेल्यावर रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "सनई झकास आहे. खालचा सूर हलतोय, गिटारशी जमत नाही. कॉम्प्युटरवरून सरळ सूर देऊ का?" बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या दोघा भावांना आणलं होतं मी. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "दे." घोटाला लागतो तेवढाही वेळ मी विचाराला दिला नाही. त्याने भाऊंचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. ते वेगळं ठेव, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. कव्हरवर मात्र आम्ही त्यांचं नाव छापलं, पुढे 'सूर' असं लिहून. वर त्यात आम्हाला आमचा मोठेपणाच वाटला!

अल्बम चालला. एका परीक्षणात आलं की त्या अखंड सुरात मावळच्या मातीचा श्वास ऐकू येतो. श्वास म्हणे! कार्यक्रमाला आम्हाला पवनानगरला धरणाकाठच्या कॅम्पसाइटवर बोलावलं. शहरातली मंडळी आयरिश थाटाच्या हिरव्या टोप्या घालून चिखलात उड्या मारत होती. एकजण स्टेजपाशीच ओकला आणि बाकीचे ते तुडवत नाचत राहिले. एका दाढीवाल्याने माझा हात धरला. "तो खालचा सूर, भाई, काय अस्सल आहे!" तोंडाला दारूचा भपकारा. मी त्याला थँक्यू म्हणालो. त्याच्या वासापेक्षा माझ्या त्या थँक्यूचीच मला जास्त शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात कामशेतहून जीप धरून मी अल्बम ऐकवायला गेलो. भाऊंचे ते दोन्ही दात पडले होते. त्यांनी शेजारपाजारच्या बायामाणसांना बोलावून ओटीवर बसवलं होतं, सूनबाईही काम टाकून आली होती. मी मोबाइलला स्पीकर जोडला. सनई सुरू झाली, खाली तो सरळसोट सूर.

आबांनी पहिल्याच ओळीला मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं भावाच्या सुरावर वाजवलेला माणूस, त्यांना कळणार नाही तर कुणाला? आता बोलतील असं मला वाटलं. बोलावंच, माझी सगळ्यांसमोर लाज काढावी, असंही वाटलं. ते उठले. "बैलास्नी पानी दावून येतो," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. परत आले नाहीत.

भाऊ गाणं संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. मग सुनेकडे वळले. "ऐकलंस का? येकदाबी तुटला न्हाई." दातांच्या फटीतून शब्द निसटत होते, डोळ्यांत पाणी होतं. मग मला म्हणाले, "मला वाटलं व्हतं, दातापायी हलला असंल. न्हाई हलला, व्हय ना?"

"नाही हलला, भाऊ," मी म्हणालो.

"मंग परत लावा."

मी परत लावलं.