श्वास सोडून थांबायचं

मी गणपतीचे डोळे रंगवते. पेणजवळच्या जोह्याच्या कारखान्यात त्याला आखणी म्हणतात. ब्रश टेकवण्याआधी श्वास सोडून द्यायचा आणि तसंच थांबायचं, नाहीतर हात हलतो आणि देव तिरळा होतो. आखणी चालू असताना मला कुणी हाक मारायची नाही, अशी पद्धतच आहे. नवरा होता तेव्हा तोही चहा उंबऱ्यावर ठेवून मुकाट निघून जायचा. आता तो नाही, आणि हाक न मारण्याची सवय सगळ्यांना जरा जास्तच लागली आहे.

गेल्या वर्षापासून जेवलं की पोटात वरच्या बाजूला कळ येते. अंगावरचे ब्लाऊज ढगळ झाले. पेणच्या डॉक्टरांनी एकामागून एक तपासण्या केल्या, सगळ्या साफ निघाल्या. लोकांना आनंद व्हायचा, मी मात्र आणखी खचायची. शेजारी माझी मोठी जाऊ राहते. ती म्हणाली, "एकटीचं जेवण अंगी लागत नाय गो. मन रमव कशात तरी." वाईट नव्हतं तिच्या मनात, पण मला फार लागलं. तेव्हापासून ती रोज दुपारी कुंपणापलीकडून जेवलीस का विचारायची आणि मी 'व्हय' म्हणायची. तिने दिलेल्या वालाच्या बिरड्याची वाटी धुऊन परत जायची. बिरडं कुठे जायचं ते कारखान्यातल्या मांजरीला ठाऊक. अन्नाची भीती वाटते, हे भात पिकवणाऱ्या घरात सांगायचं तरी कसं?

शेवटी पेणचे डॉक्टर म्हणाले, एक दुर्मीळ गोष्ट असू शकते. छातीखालचा एक पट्टा पोटाच्या रक्तवाहिनीवर दाबत असेल. रोह्याला एक डॉक्टर रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी करतात, तिथे जा. तीही साफ निघाली, तर मनाच्या डॉक्टरांना दाखवू.

उपाशीपोटी रोह्याची गाडी धरली. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ थांबून राहिली. समोरच्या बाईने डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. तपासणी आहे म्हटल्यावर ती म्हणाली, काही निघणार नाही, देव बघतो. मी मनात म्हणत होते, देवा, काहीतरी निघू दे. आजार मागणारी त्या गाडीत मी एकटीच असेन.

रोह्याच्या डॉक्टरांनी पोटावर गार जेल लावलं आणि श्वास पूर्ण सोडून थांबायला सांगितलं. मी थांबले. पुन्हा सांगितलं, पुन्हा थांबले. त्यांनी विचारलं, योगासनं करता का? म्हटलं, नाही, गणपती करते. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. श्वास सोडला की ती रक्ताची नळी चिमटल्यासारखी दिसत होती, आणि तेवढ्या जागेतून रक्त जोरात धावत होतं.

"तुमचं दुखणं खरं आहे," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं मी घाबरले. त्यांनी समजावलं, खात्रीसाठी अजून एक स्कॅन लागेल, मग बहुतेक मुंबईला ऑपरेशन, तेव्हा सोबत कुणाला तरी आणा. 'सोबत' म्हटल्यावर माझी नजर दाराकडे गेली. उंबऱ्यावर चहा नव्हता. इतकं एकटं मला नवऱ्याच्या दहाव्यालाही वाटलं नव्हतं.

स्टेशनच्या बाकावर बसून हातात फोन नुसता धरून ठेवला. लावणार कुणाला? शेवटी जावेलाच लावला आणि सगळं सांगितलं. ऐकून तिने नेहमीचंच विचारलं.

"जेवलीस का गो?"

'व्हय' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाय," मी म्हटलं. "वरीस झालं, नीट जेवलेच नाय. भ्या वाटतं जेवायचं."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"ये मग," ती म्हणाली. "तू येईस्तोवर मी पण नाय जेवत."